अपंगत्वाचा अभ्यास विद्यापीठात करायचा आणि काम गावात करायचं, तर सुरुवात कुठून?

प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. तिनं समाजशास्त्रात बी.ए. केलंय. सोळा वर्षांच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे आणि सातवीनंतर त्याची शाळा सुटली. ती विचारते, "घरचे म्हणतात स्पेशल बी.एड. कर, नोकरी लागेल. मला मात्र अपंगत्व हा विषयच विद्यापीठात शिकायचाय आणि परत येऊन गावात अशा लोकांना सगळ्यांमध्ये सामावून घ्यायचं काम करायचंय. मॅडम, यात नेमकं काय शिकवतात? गावात त्याचा उपयोग होतो का?"

उपयोग होतो. पण तुझा प्रश्न वाचताना एक गोष्ट मला खटकली, ती आधी सांगते. भावाबद्दल तू बरंच लिहिलंस: त्याचा आजार, आईचे कष्ट, लोकांची बोलणी. त्याला स्वतःला काय हवंय, याबद्दल एक अक्षर नाही. मी रागावून सांगत नाही. समाजाधारित पुनर्वसनाच्या, म्हणजे अपंग माणसांसोबत त्यांच्याच गावात राहून करायच्या कामात मला बावीस वर्षं झाली, त्यातली अर्धी वर्षं मी समाजकार्याच्या मुलामुलींचं क्षेत्रकार्यही बघतेय. दर वर्षी पहिल्या अहवालात हेच दिसतं. माणसाबद्दल सगळं असतं, माणसाचं म्हणणं नसतं. माझेही सुरुवातीचे अहवाल असेच होते.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते, म्हणजे या विषयात काय शिकायचं असतं ते कळेल. डोंगरातल्या एका वाडीत पस्तिशीची एक बाई होती. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय कामातून गेलेले. ती हातांवर जोर देऊन जमिनीवरून सरकत चालायची. आम्ही तिच्यासाठी चाकाची खुर्ची मिळवली, जीपमधून वाडीवर नेली, तिला खुर्चीत बसवलं, फोटो काढला. दोन महिन्यांनी गेले तर खुर्ची ओसरीत होती आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मग ती शांतपणे म्हणाली, "ताई, खाली असले की चूल माझी, शेरडं माझी, पाण्याचा हंडा माझा. खुर्चीत बसले की पाण्यालासुद्धा हाक मारावी लागते." घराचा उंबरा वीतभर उंच, बाहेरची वाट दगडांची. यातलं काहीच आम्ही पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त तिचे पाय पाहिले होते.

तिला हवं होतं ते फार साधं होतं. दगडांनी तळहात सोलवटायचे, म्हणून हातांना काहीतरी. गावच्या चांभारदादांनी जुन्या टायरचा तळ लावून हातांसाठी पट्ट्यांच्या जाड चपला शिवून दिल्या. संडासात धरायला एक पाइप बसवला. वाडीच्या सार्वजनिक नळाला खालच्या बाजूला आणखी एक तोटी काढून घेतली. ती तोटी पुढे गावातली लहान पोरं आणि कमरेतून वाकलेल्या म्हाताऱ्याही वापरायला लागल्या.

विद्यापीठात 'अपंगत्व अभ्यास' म्हणून जे शिकवतात, त्याचा गाभा या गोष्टीत आहे. वैद्यकीय दृष्टिकोन शरीरातला दोष शोधतो आणि तो दुरुस्त करायला बघतो. सामाजिक दृष्टिकोन विचारतो, या माणसाला अडवतंय कोण? पाय की उंबरा? हा विचार कुठल्या प्राध्यापकाच्या डोक्यातून आलेला नाही, अपंग माणसांच्या चळवळीतून आलाय. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात संस्थांत कोंडून ठेवलेल्या अपंग लोकांनीच संघटना उभी केली. १९७६ साली त्यांनी स्पष्ट मांडलं की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि समाजानं त्या माणसावर लादलेलं अपंगत्व ही दुसरी. तिथल्या मुक्त विद्यापीठानं १९७५ मध्ये या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याच्या घडणीत व्हिक फिंकेलस्टाइन हा स्वतः व्हीलचेअर वापरणारा कार्यकर्ता होता. पुढे माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला 'सोशल मॉडेल' हे नाव दिलं. तेही व्हीलचेअरच वापरायचे. या विषयाचा पाया शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी घातलेला नाही, ज्यांना अडवलं गेलं त्यांनी घातलाय. विसाव्या वर्षी हे कळलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

हा विचार पुरेसा आहे का? नाही. हा वाद वर्गात मन लावून ऐक. अपंग स्त्रियांनीच पुढे विचारलं, की सगळा दोष उंबऱ्याचा म्हणता, मग दुखण्याचं काय? थकव्याचं काय? आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत कितीतरी मुलं या आजाराची आहेत. बाहेरून मूल धडधाकट दिसतं. पण सांध्यांत कळा सुरू झाल्या की आठ-आठ दिवस उठता येत नाही, आणि हजेरीपटावर ते आळशी ठरतं. तिथे रॅम्प बांधून काहीच होत नाही. रक्त, औषधं, हजेरीची सवलत आणि समजून घेणारा शिक्षक, असं सगळं एकदम लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही यादीत घेतले. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत.

या कायद्याची व्याख्याही नीट वाच. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता असलेली व्यक्ती, जिला अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीनं समाजात सहभागी होता येत नाही, असा तिचा आशय आहे. अडथळा हा शब्द कायद्यातच आहे. भारतानं संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला, त्याची ही फलश्रुती. पण प्रमाणपत्र देणारं मंडळ मात्र टक्के मोजतं: ४० किंवा जास्त असेल तर लाभ, ३८ असेल तर घरी जा. व्याख्या सामाजिक, मोजमाप वैद्यकीय. तुझं निम्मं आयुष्य या फटीत काम करण्यात जाणार आहे.

आता बी.एड. की एम.ए., हा तुझ्या घरचा प्रश्न. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. विशेष शिक्षण, वाचा व श्रवणोपचार, कृत्रिम अवयव ही कौशल्याची क्षेत्रं भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. परिषद १९९२ च्या कायद्यानं बनली. तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय या क्षेत्रात काम करता येत नाही, आणि नोंदणी वेळोवेळी नवी करावी लागते. स्पेशल बी.एड. करताना श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता यांसारखी एक शाखा घ्यावी लागते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचे आणि सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम चालतात. तुझ्या घरचे म्हणतात ते खोटं नाही, शाळांना विशेष शिक्षक हवे आहेत. पण समावेशित शिक्षणातल्या, म्हणजे अपंग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याच्या बऱ्याच जागा आजवर कंत्राटी राहिल्या आहेत, हेही घरी सांग.

दुसरा रस्ता समाजकार्याचा किंवा सामाजिक शास्त्रांचा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात अपंगत्व हा स्वतंत्र विषय म्हणून उभा केला. तिचा एक परिसर तुझ्याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे, तिथे ग्रामीण कामावर भर असतो. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन इथेही समाजकार्य शिकता येतं. अभ्यासक्रमांची नावं आणि रचना अलीकडे वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच अर्ज कर. आणि नुसतं नाव बघू नकोस. त्या विभागात अपंग प्राध्यापक किती, अपंग विद्यार्थी किती, इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांना जाता येतं का, ते विचार. कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या भरल्या नसतील तर का नाहीत, हा तुझा पहिला अभ्यास होऊ शकतो.

मला विचारशील तर तुझा कल बघून मी दुसरा रस्ता सांगेन. एखाद्या मुलाला ब्रेल शिकवायची की एका तालुक्यातल्या सगळ्या शाळांना जाब विचारायचा, असा हा फरक आहे. दोन्ही मोलाचं. तुझं मन दुसऱ्याकडे ओढतंय असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं.

वर्गात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, तेही सांगते. सिद्धांत मिळेल, कायदा मिळेल, जागतिक आरोग्य संघटनेची समाजाधारित पुनर्वसनाची चौकट मिळेल: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. चौकट चांगली आहे, पण ती इंग्रजीत आणि परक्या उदाहरणांनी शिकवली जाते. ती मराठीत उतरवणं तुझं तुलाच करावं लागेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात एक काम देते. आपापल्या घरात, गावात अपंगांवरून बोलल्या जाणाऱ्या म्हणी आणि हाका गोळा करायच्या. 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं'. माणसाचं नाव मागे पडून गावभर फक्त 'लंगड्या', 'बहिरी', 'चकणा' एवढंच उरलेलं. एका मुलाच्या लक्षात आलं की आपल्या चुलत काकांचं खरं नाव आपल्याला माहीतच नाही. तो त्याच आठवड्यात गावी गेला आणि नाव विचारून आला. असं शिकणं पुस्तकातून येत नाही.

शब्दांचं म्हणशील, तर कागदावर 'दिव्यांग' लिहावं लागतं, सरकारी शब्द तोच आहे. चळवळीतल्या पुष्कळांना तो पटत नाही. आमच्यात दैवी काही नाही, आम्हाला हक्क हवेत, असं ते म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं. पण माझ्या पटण्याला महत्त्व नाही. ज्याचं त्याला विचारावं आणि तो सांगेल तो शब्द वापरावा. 'मतिमंद' आणि 'मूकबधिर' मात्र सोडून दे. बौद्धिक अक्षमता, कर्णबधिर हे शब्द रुळलेत.

विद्यापीठातही तुला काम दिसेल, गावी परतायची वाट बघू नकोस. अंध विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी अडचण कोणती, असं विचारलं तर लोक म्हणतात ब्रेल पुस्तकं. आज बहुतेक जण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यातला एनव्हीडीए मोफत मिळतो आणि मराठी वाचतो, पण युनिकोडमधलीच, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखी कळणाऱ्या अक्षरांतली मराठी. आपल्या कित्येक प्राध्यापकांच्या नोट्स जुन्या श्रीलिपी नाहीतर कृतीदेव फॉन्टमध्ये आहेत. त्या स्क्रीन रीडरला दिल्या की तो निरर्थक अक्षरं वाचत सुटतो. हल्ली पुस्तकाच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तेही त्याला थेट वाचता येत नाहीत. चार जणींनी मिळून एका सत्राच्या नोट्स युनिकोडमध्ये टाइप केल्या तर पुढच्या पाच वर्षांच्या मुलांची सोय होते. याला एक रुपया लागत नाही. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तो अर्ज कुठे करायचा हे कित्येक महाविद्यालयांतल्या कारकुनांनाच ठाऊक नसतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या एका प्रकरणात सांगितलं की ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नसली तरी गरज असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही. त्या निकालाची प्रत जवळ ठेव. मी तीन वेळा वापरली आहे.

आता गाव. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यातल्या सुमारे ६९ टक्के खेड्यांत. तीही मोजणी ८ च प्रकारांची. अभ्यासक्रम शहरात आणि माणसं खेड्यात, म्हणून तुझ्यासारख्या परतणाऱ्या मुलींची मला फार गरज वाटते.

गावात समावेशनाची सुरुवात लोक कार्यक्रमानं करतात. ३ डिसेंबरला जागतिक दिन, नारळ, शाल, भाषण. मी तसं करत नाही. मी ग्रामपंचायतीच्या निधीपासून सुरू करते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करायचा असतो. रक्कम लहान असते, कधी काही हजारांत. मार्चअखेर आला की सगळ्यांना सारखे पैसे वाटून, नाहीतर स्टीलचे डबे देऊन हिशेब मिटवला जातो. ज्याचा निधी त्याला कोणी विचारत नाही. एका गावात आम्ही अकरा अपंग माणसांना फक्त एकत्र बसवलं. दोन कर्णबधिर भाऊ होते, एक मानसिक आजारातून सावरणारी बाई होती, बाकी अस्थिव्यंग आणि अंध. पहिल्या तीन बैठका कोणी बोललं नाही, नातेवाईकच बोलले. चौथ्या बैठकीला नातेवाइकांना बाहेर चहाला बसवलं. मग कळलं की कोणालाच डबे नको होते. सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात चढता यायला हवं होतं. दाखला आणायला घरच्या माणसाला पाठवलं की तो पैशांचाही व्यवहार बघतो, आणि पगाराचे, म्हणजे निराधार योजनेचे पैसे परस्पर खर्च होतात, ही खरी बोच होती.

त्या वर्षीचा निधी रॅम्पला गेला. तो बांधतानाही मी तिथे उभी राहिले, कारण गवंड्याला कोणी सांगितलेलं नसतं. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्या शाळांमधून तीन फुटांत दोन पायऱ्या चढवलेल्या घसरगुंड्या बघ, त्या फक्त तपासणीसाठी बांधलेल्या आहेत. संडासाचं दार आत उघडलं तर चाकाची खुर्ची आत गेल्यावर दार लागत नाही. अशा गोष्टींसाठी मेजरटेप घेऊन फिरायची सवय लाव. शिकायला अर्धा दिवस लागतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही निधीत बसत नाही: लग्नाची हळद, यात्रा, पंगत. माणूस समाजात आहे की नाही ते तिथे कळतं. एका अंध मुलानं मला सांगितलं होतं, "घरी पाहुणे आले की माझं ताट आतल्या खोलीत येतं." त्याच्या आईला वाटायचं, सांडलं तर लोक हसतील, पोराला लागेल. तिचा हेतू मायेचा होता. आम्ही तिला समजावलं नाही. गावातल्याच त्याच्या दोन मित्रांना सांगितलं की पंगतीत त्याच्या शेजारी बसा आणि ताटात काय कुठे आहे ते सांगा, डावीकडे मीठ, समोर भात. दुसऱ्या लग्नापासून कोणी सांगायची गरज पडली नाही. पुढे तो गावच्या भजनात पखवाज वाजवायला लागला, पण ते आम्ही केलेलं नाही. तो आधीपासूनच वाजवायचा, घरातल्या घरात, पत्र्याच्या डब्यावर.

आता पुन्हा तुझ्या भावाकडे येते. बहीण म्हणून तुला जे माहीत आहे ते कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. पण धोकाही तिथेच आहे. शोधनिबंधासाठी त्याचं आयुष्य वापरण्याचा मोह तुला होईल, प्राध्यापकही उत्तेजन देतील. त्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल एक ओळ लिहू नकोस. तो नको म्हणाला तर नको. त्याला बोलायला वेळ लागत असेल, तर वेळ दे. बोलणं फार अवघड असेल, तर चित्रांचा आणि अक्षरांचा तक्ता करून दे, तो बोटानं नाहीतर नजरेनं दाखवेल. सेरेब्रल पाल्सीत बोलणं अडखळलं म्हणजे समज कमी, असं मानण्याची चूक डॉक्टरही करतात.

आणि त्याची शाळा. अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, म्हणजे अजून दोन वर्षं त्याच्या हातात आहेत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात, त्यांना भेट. शाळेत जाणं झेपत नसेल तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहे. पण त्याला शिकायचंय का, हे आधी त्याच्याकडूनच कळू दे. कदाचित त्याला शाळेपेक्षा मोबाइल दुरुस्ती शिकायची असेल. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढलं नसेल तर तेवढं लवकर काढा, एसटीची ७५ टक्के सवलत आणि बाकी योजना त्याच्यावर अवलंबून आहेत. जिल्हा रुग्णालयात मंडळ कोणत्या वारी बसतं ते फोन करून विचारा, नाहीतर फुकट हेलपाटे होतात.

प्रवेशाला अजून अवकाश असेल तर मधल्या काळात एवढं कर. ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी कशावर खर्च झाला त्याचा हिशेब लेखी माग, नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज कर. अर्ज भावाच्या नावानं टाक, अर्थात तो हो म्हणाला तर. पुढच्या ग्रामसभेला त्याला घेऊन जा. सभा देवळाच्या सभामंडपात भरत असेल तर खाली पारावर घ्या, असं आधीच ग्रामसेवकाला कळव. तो काय बोलला, किती वेळ लागला, लोक थांबले की नाही, ते त्याच्या परवानगीनं लिहून ठेव. हिशेबाचे कागद हाती आले की मला दाखव. त्यातले रकाने कसे वाचायचे ते आपण बसून बघू.